गिर्यारोहण साहित्याचे प्रदर्शन : पाहावे काय, घ्यावे काय

महाराष्ट्रात डोंगर चढण्याचा छंद आता मूठभर साहसी तरुणांपुरता राहिलेला नाही. शनिवारी रात्री कर्जत आणि कसाऱ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांत पाठीवर सॅक घेतलेली मंडळी बाराही महिने दिसतात. महाविद्यालयांची मंडळे, कारखान्यांतील कामगारांचे गट, कुटुंबेच्या कुटुंबे गडकोटांच्या वाटेला लागली आहेत. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते. या वाढत्या हौसेबरोबर साहित्याची बाजारपेठ वाढली आणि बाजारपेठेबरोबर प्रदर्शनेही आली.

पूर्वीची परिस्थिती निराळी होती. लष्करी भांडारातून बाद झालेली कॅनव्हासची पिशवी, हंटर बूट, घोंगडी आणि काथ्याचा वा मनिलाचा दोर एवढ्यावर कित्येकांनी सह्याद्रीचे सुळके गाठले. प्रस्तरात ठोकावयाचे खिळे गावच्या लोहाराकडून घडवून घेतले जात. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये स्थापन झाली. तेथे शिकून आलेल्या तरुणांमुळे नव्या साहित्याची ओळख झाली खरी, परंतु ते मिळविणे दुर्घट होते. युरोपात म्युनिक येथे १९७० पासून क्रीडासाहित्याचा ‘इस्पो’ हा मोठा मेळा भरू लागला, तर जर्मनीतीलच फ्रीडरिक्सहाफेन येथे १९९४ ते २०१८ या काळात केवळ डोंगरयात्रेच्या व छावणीच्या साहित्याला वाहिलेले प्रदर्शन भरत असे. ही प्रदर्शने प्रामुख्याने व्यापाऱ्यांसाठी असत. सामान्य गिरिप्रेमीला उपयोगी पडतात ती लहान प्रदर्शने. शनिवार-रविवार भरणारी, एखाद्या सभागृहात किंवा मैदानावर मांडलेली आणि वस्तू हाताळू देणारी. अशा ठिकाणी एकाच छपराखाली दहा प्रकारचे दोर आणि वीस प्रकारचे बूट पाहावयास मिळतात, ही सोय शहरातल्या एखाद्या दुकानात सहसा नसते. त्याबरोबरच रोषणाई, सवलतीच्या पाट्या आणि विक्रेत्यांची भाषणे यांनी ग्राहकाचे भान हरपण्याची शक्यताही तेथेच अधिक असते.

जाण्यापूर्वीची तयारी

प्रदर्शनाची भेट घरीच निम्मी पार पडावयास हवी. आपण वर्षभरात कोठे जाणार, किती दिवस जाणार आणि कोणत्या ऋतूत जाणार, हे आधी कागदावर मांडावे. पावसाळ्यात राजमाचीला जाणाऱ्याची गरज आणि डिसेंबरात हिमाचलात जाणाऱ्याची गरज यांत फारच थोडे साम्य असते. त्यानंतर हाताशी असलेल्या साहित्याची तपासणी करावी. अनेक मंडळांच्या कपाटांत चार तंबू पडून असतात आणि धड एकही शिरस्त्राण नसते. वर्गणीतून जमलेली रक्कम मर्यादित असते, म्हणून ज्या वस्तूवर जीव टांगलेला असतो तिला पहिला मान, सुखसोयीला दुसरा, हा क्रम तेथे गेल्यावर ठरविण्याऐवजी निघण्यापूर्वीच ठरवावा.

दोन दिवसांचे प्रदर्शन असेल तर पहिला दिवस पाहण्यासाठी आणि दुसरा घेण्यासाठी राखून ठेवणे हिताचे. शनिवारी सकाळी दालने उघडताच गेल्यास विक्रेत्याला बोलावयास सवड असते. दोराची गाठ, हार्नेसचा पट्टा, स्टोव्हची ज्योत तो निवांतपणे दाखवितो. रविवारी दुपारनंतर गर्दीमुळे यातले काही शक्य होत नाही. मुंबईबाहेरून लोकलने येणाऱ्यांनी रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहूनच निघावे, नाहीतर निम्मा दिवस फलाटावर जातो.

बरोबर नेण्याच्या वस्तू मोजक्याच, पण उपयोगाच्या असाव्यात. वही, मोजपट्टी, सामान तोलण्याचा लहान ताणकाटा, डोंगरात वापरावयाचे जाड पायमोजे आणि पाण्याने भरलेल्या चार-पाच बाटल्या. या बाटल्यांचे प्रयोजन पुढे येईल. मंडळाच्या वतीने जाणाऱ्यांनी आपल्यातील सर्वांत अनुभवी सभासदाला तर न्यावेच. परंतु सर्वांत उंच आणि सर्वांत बुटका असे दोन सभासदही न्यावेत. हार्नेस आणि सॅक यांची मापे त्यांच्यावरच खरी तपासली जातात.

दोराची परीक्षा

प्रदर्शनातील कोणत्याही दालनापेक्षा दोराच्या दालनात अधिक वेळ द्यावा. येथे जपानमधील एक घटना जाणून घेण्यासारखी आहे. २ जानेवारी १९५५ रोजी जपानच्या उत्तर आल्प्समधील माए-होताका शिखराच्या पूर्व भिंतीवर तीन तरुण चढाई करीत होते. त्यांच्यापैकी एकाचा पाय घसरला. तो जेमतेम अर्धा मीटर खाली आला असेल. पण ज्या ८ मिलिमीटर जाडीच्या नव्या नायलॉन दोराच्या भरवशावर तो होता, तो खडकाच्या कडेवर तुटला आणि तरुण प्राणास मुकला. नायलॉनचा दोर तेव्हा नवलाईचा होता आणि जुन्या तागी दोरापेक्षा तो कितीतरी बळकट असल्याची जाहिरात होत होती. साहजिकच दोष चढणाऱ्यांच्या हाताळणीचा असावा, अशी कुजबूज सुरू झाली.

त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी गामागोरी येथे या दोराची जाहीर चाचणी घेण्यात आली. पत्रकार आणि गिर्यारोहक यांच्यासमक्ष दगडाच्या कडेवर दोराला झटके देण्यात आले. नायलॉनचा दोर टिकला आणि वृत्तपत्रांनी तसे छापले. पुढे उघड झाले ते असे की, चाचणीसाठी वापरलेल्या दगडाची कड आधीच घासून किंचित गोल केलेली होती. मृत तरुणाचे वडीलबंधू इशिओका शिगेओ यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. तीक्ष्ण कडेवर नायलॉन सहज कापला जातो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. या प्रकरणाच्या आधारे यासुशी इनोउए यांनी लिहिलेली कादंबरी जपानमध्ये गाजली. अखेर १९७३ मध्ये तेथे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि १९७५ मध्ये गिर्यारोहणाच्या दोरासाठी त्याखाली मानके ठरविण्यात आली. अपघातानंतर वीस वर्षांनी!

सर्वांसमक्ष केलेले प्रात्यक्षिकही फसवे असू शकते, हे या प्रकरणाने दाखविले. म्हणून प्रदर्शनात कोणी दोराला मोटार टांगून दाखविली तर त्याचे कौतुक करावे, मात्र खरेदीचा निर्णय दोराच्या टोकाला लावलेली पट्टी आणि सोबतची माहितीपुस्तिका वाचूनच घ्यावा.

त्या पट्टीवर काय असते? आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ, ज्याला ‘यूआयएए’ या आद्याक्षरांनी ओळखतात, १९३२ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे स्थापन झाला आणि १९६० मध्ये त्याने दोरासाठी पहिले सुरक्षा-मानक तयार केले. आज युरोपीय मानक ‘ईएन ८९२’ आणि यूआयएएचे मानक यांच्या चाचण्या मुख्यत्वे सारख्याच आहेत. एकेरी वापराच्या दोराला ८० किलोग्रॅमचे वजन बांधून ते ठरावीक उंचीवरून पुनःपुन्हा पाडले जाते. असे किमान पाच झटके दोराने सोसावे लागतात आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनपेक्षा अधिक होता कामा नये. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलोग्रॅम वजनाचा भार, हे ध्यानी ठेवले की पट्टीवरील आकडे बोलू लागतात. पट्टीवर वर्तुळातील १ हा अंक असेल तर तो दोर एकेरी वापरावयाचा, वर्तुळात अर्धा लिहिलेला असेल तर जोडीने वापरावयाचा.

मात्र या चाचणीत दोर ज्या कडेवरून जातो तिची गोलाई ५ मिलिमीटर त्रिज्येची असते. सह्याद्रीचा बेसॉल्ट इतका दयाळू नाही. पट्टीवर पाचाऐवजी नऊ झटक्यांचा आकडा असला, तरी तो तीक्ष्ण कातळाविरुद्धची हमी नव्हे. त्यासाठी दोराखाली घालावयाची कॅनव्हासची किंवा जाड कापडाची खोळ मिळते. दोराच्या मानाने तिची किंमत नगण्य असते. दालनात ती कोपऱ्यात पडलेली असते आणि बहुतेकांच्या यादीत ती नसतेच. दोर घेणाऱ्याने ती घेतल्याशिवाय दालन सोडू नये.

दोर दोन जातींचे असतात आणि यांची गल्लत सर्वांत घातक ठरते. चढाईत पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जाणारा दोर लागतो; त्याला डायनॅमिक म्हणतात. ताणल्यामुळे झटक्याची शक्ती दोरातच जिरते आणि माणसाच्या कमरेला व कातळातील खिळ्याला कमी धक्का बसतो. कडा उतरण्यासाठी, दरी ओलांडण्यासाठी किंवा जखमीला वर ओढण्यासाठी कमी ताणाचा, म्हणजे स्टॅटिक दोर सोयीचा. त्याचे मानक ‘ईएन १८९१’ असून त्यातील ‘अ’ वर्गाच्या दोराची ताकद किमान २२ किलोन्यूटन असावी लागते. स्टॅटिक दोर अधिक बळकट आहे म्हणून तोच चढाईला वापरू, हा विचार वरवर योग्य वाटतो. पण पडणाऱ्याला तो रबराऐवजी तारेने झेलल्यासारखा झेलतो. गडाच्या पायथ्याच्या गावांतील जे तरुण वाटाडे पर्यटकांना कडा उतरविण्याचे काम करतात, त्यांना हा फरक तोंडपाठ असला पाहिजे.

कडी, शिरस्त्राण आणि खुणा

कॅरॅबिनर म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी. तिच्या अंगावरच तीन आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने ती किती भार सोसते, आडव्या दिशेने किती आणि तोंड उघडे असताना किती. सर्वसाधारण कडीसाठी युरोपीय मानकाप्रमाणे हे आकडे अनुक्रमे किमान २०, ७ आणि ७ किलोन्यूटन असावे लागतात. आडवी झालेली किंवा तोंड उघडे राहिलेली कडी साधारण एकतृतीयांश बळाची उरते, ही गोष्ट या आकड्यांवरूनच उमजते. किल्ल्या अडकविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, दिसावयास हुबेहूब तशाच रंगीत कड्याही प्रदर्शनात असतात. त्यांवर आकडे नसतात, किंवा चढाईसाठी नाही अशी सूचना बारीक अक्षरांत असते. त्या मुलांना भेट म्हणून जरूर घ्याव्यात, पण मंडळाच्या पेटीत त्यांना शिरू देऊ नये.

शिरस्त्राणाच्या बाबतीत काटकसर म्हणून बांधकामावरील पिवळी टोपी वापरण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. तिचा हेतू वेगळा आहे. कारखान्यात टोपी कोठे अडकली तर कामगाराचा गळा आवळू नये म्हणून तिचा हनुवटीचा पट्टा विशिष्ट ताणानंतर सुटेल असाच बनविलेला असतो. चढाईच्या शिरस्त्राणाचा पट्टा याउलट सुटता कामा नये, कारण कड्यावर लोळण घेणाऱ्याच्या डोक्यावर ते शेवटपर्यंत राहावयास हवे. ‘ईएन १२४९२’ ही खूण पाहावी, ते डोक्यावर चढवून पट्टा न बांधता खाली वाकावे. ते जागचे हलले नाही तर माप बरोबर आहे.

दोर, कडी, हार्नेस यांसारख्या प्राणरक्षक वस्तूंवर ‘सीई’ या अक्षरांपुढे चार अंकी क्रमांक असतो. उत्पादनावर देखरेख ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेचा तो क्रमांक होय. नुसती दोन अक्षरे आणि पुढे कोरी जागा असेल तर विक्रेत्याला खुलासा विचारण्यात संकोच करू नये. ज्याच्याकडे माहितीपुस्तिका नाही, त्याच्याकडून कितीही सवलत मिळाली तरी अशी वस्तू घेऊ नये. प्रदर्शनात दोन दिवस लोकांनी हाताळलेला, टांगून दाखविलेला नमुन्याचा दोर शेवटच्या तासाला निम्म्या किमतीत देऊ केला जातो. त्याच्यावर किती झटके गेले, हे कोणीच सांगू शकत नाही.

अंगावर आणि पाठीवर

बूट दुपारनंतर पाहावेत. दिवसभराच्या चालण्याने पाऊल किंचित फुगते आणि डोंगरातही तसेच होते. बरोबर आणलेले जाड मोजे घालून, नाड्या आवळून एखाद्या उतारावर किंवा जिन्यावरून खाली चालून पाहावे. बोटे पुढे आदळत असतील तर बूट लहान आहेत. अशा बुटांनी गडावरून उतरताना नखे काळी पडतात. तळवा पाहताना नुसती खोल नक्षी पाहून भागत नाही. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर पकड राहते ती रबराच्या मऊपणामुळे, आणि मऊ रबर लवकर झिजते. बूट टिकाऊ हवा की पकडीचा, ही निवड ज्याची त्याने करावयाची आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्याने पकडीच्या बाजूने कौल द्यावा, हे बरे.

पाण्याच्या बाटल्यांचे काम सॅकच्या दालनात. रिकामी सॅक प्रत्येकालाच छान बसते. तिच्यात सहा-सात किलोंचे वजन भरून दहा मिनिटे फिरावे. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर टेकला पाहिजे आणि भाराचा बराचसा वाटा तेथे उतरला पाहिजे. खांदेच दुखू लागले तर सॅकची पाठ आपल्या पाठीच्या मापाची नाही. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या उंच मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंतचे अंतर मोजपट्टीने घेऊन ठेवले असेल, तर विक्रेत्याशी वाद घालावा लागत नाही.

पावसाळी अंगरख्यांच्या दालनात सर्वांत महाग माल असतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार करण्याची युक्ती शोधली. हा पडदा पावसाचा थेंब अडवितो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. परंतु वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या फरकामुळे. हिमालयाच्या थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. जुलैमध्ये माळशेज घाटात हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते; वाफेला बाहेर जाण्याचे कारणच उरत नाही आणि चढणारा माणूस आतून घामाने भिजतो. सह्याद्रीपुरते फिरणाऱ्याला बगलेत वारा खेळेल असा साधा पावसाळी अंगरखा पुष्कळ झाला. भातलावणी करणारा शेतकरी पाठीवर इरले घेतो ते चहूबाजूंनी मोकळे असते आणि धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब देते. या दोन्ही गोष्टींत जुन्या अनुभवाचे जे शहाणपण आहे, ते जाहिरातीच्या पत्रकात आढळत नाही.

तंबू आणि स्लीपिंग बॅग यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. तंबूच्या कापडावर मिलिमीटरमध्ये दिलेला आकडा म्हणजे ते कापड किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते त्याचे माप होय. छताच्या आकड्याबरोबर तळाचाही विचारावा, कारण झोपलेल्या माणसाच्या कोपराचा दाब तळावर येतो. तथापि गडांवरील गुहा आणि पायथ्याच्या गावांतील मंदिरे व घरे उपलब्ध असताना तंबू खरोखर लागतो काय, आणि ज्या गडावर जावयाचे तेथे रात्रीच्या मुक्कामास परवानगी आहे काय, हे आधी पाहावे. स्लीपिंग बॅगवर तीन तापमाने छापलेली असतात. पहिले सुखाने झोप लागण्याचे, दुसरे कशीबशी रात्र काढण्याचे आणि तिसरे केवळ जीव तगण्याचे. विक्रेता बहुधा दुसरा किंवा तिसरा आकडा मोठ्याने सांगतो. खरेदी पहिल्यावर करावी. पिसांची बॅग हलकी आणि उबदार खरी, पण भिजली की पिसे चिकटून ऊब जाते. कोकणाच्या बाजूच्या दमट हवेत कृत्रिम धाग्याची बॅग निश्चिंतपणे वापरता येते.

पावती आणि नोंदवही

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. व्यावसायिक रीतीने सहली व चढाया आयोजित करणाऱ्यांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आणि सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे त्यात आहेत. अशा आयोजकांना व मंडळांना प्रदर्शनातील खरेदीची कागदपत्रे नीट ठेवणे भागच आहे. पावतीवर वस्तूचे नाव, मानक, उत्पादनाचे वर्ष आणि गटक्रमांक लिहून घ्यावा. एखाद्या उत्पादनात दोष आढळून कंपनीने तो गट परत मागविला, तर याच क्रमांकावरून आपली वस्तू त्यात आहे की नाही हे कळते.

दोराचे उत्पादनवर्ष विशेष महत्त्वाचे. न वापरता नीट ठेवलेल्या दोराचीही कमाल मुदत बहुतेक उत्पादक दहा वर्षे देतात. नियमित वापरात ती पुष्कळच कमी होते. मोठा झटका बसलेला, आवरण फाटलेला किंवा हाताला आत पोकळ जागा लागणारा दोर त्याच दिवशी बाद करून त्याचे तुकडे करावेत, म्हणजे तो चुकूनही कोणाच्या हाती लागणार नाही. मोटारीच्या बॅटरीतील आम्लाचा नुसता वाफारा नायलॉनला पुरेसा असतो आणि त्याने झालेली इजा डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे प्रदर्शनातून परतताना नवा दोर जीपच्या मागच्या बाजूस बॅटरीशेजारी टाकू नये. घरी आल्यावर प्रत्येक दोराला क्रमांक देऊन नोंदवहीचे एक पान त्याच्या नावे उघडावे. खरेदीची तारीख, उत्पादनाचे वर्ष, प्रत्येक मोहिमेचे ठिकाण, वापराचे तास, बसलेले झटके आणि तपासणाऱ्याची सही एवढे रकाने त्यासाठी पुरतात.